सालाझारशाही : उभी कशी राहिली, टिकली कशी, कोसळली कशी

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, हे महाराष्ट्रात आणि गोव्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. ज्या राजवटीच्या तावडीतून तो सुटला, तिच्याविषयी मात्र आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं आहे. आपण ‘पोर्तुगीज’ म्हणतो आणि थांबतो. त्यामुळे सोळाव्या शतकातला अल्बुकर्क आणि विसाव्या शतकातला आंतोनियो द ऑलिव्हेइरा सालाझार एकाच माळेत ओवले जातात. खुद्द पोर्तुगीज जनताही त्या काळात त्याच पोलिसांच्या, त्याच सेन्सॉरच्या कचाट्यात होती, हे नजरेआड राहतं. गोव्यानंतर पोर्तुगालला स्वतः मोकळं व्हायला आणखी बारा वर्षं लागली. ती तारीख २५ एप्रिल १९७४.

१९२६ ते १९७४ अशी ४८ वर्षं ही हुकूमशाही चालली. मुसोलिनीची सत्ता एकविसाव्या वर्षी संपली, हिटलरची बाराव्या. दोघेही महायुद्धात बुडाले. सालाझारने युद्धात उडीच घेतली नाही म्हणून तो वाचला, असं उत्तर सहसा दिलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. या राजवटीचा पाया वसाहतींत होता. वसाहतींनी तिला बळ दिलं आणि अखेर वसाहतींतल्या लोकांनीच तिला पाडलं. पणजी, लुआंडा, बिसाउ आणि लिस्बन इथल्या लढ्यांच्या हकिकती वेगवेगळ्या सांगितल्या जातात. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की या राजवटीचा उलगडा होतो.

सत्ता हाती कशी आली

५ ऑक्टोबर १९१० रोजी राजेशाही उलथून पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं. पुढच्या सोळा वर्षांत ४५ सरकारं आली आणि गेली. चर्चशी उभा दावा, संप, लष्करी बंडाळ्या हे नित्याचं झालं. त्यात १९१६ मध्ये देश पहिल्या महायुद्धात ओढला गेला आणि ९ एप्रिल १९१८ रोजी फ्लँडर्समधल्या लीस नदीकाठी पोर्तुगीज पलटणींची वाताहत झाली. युद्धानंतर चलन कोसळलं, महागाई भडकली, पगारदार मध्यमवर्ग मेटाकुटीला आला. २८ मे १९२६ रोजी जनरल गोमेश द कॉश्ता याने उत्तरेकडच्या ब्रागा शहरातून बंड पुकारलं, तेव्हा प्रजासत्ताकाच्या बचावाला फारसं कोणी पुढे आलं नाही. खरा प्रतिकार झाला तो फेब्रुवारी १९२७ मध्ये, पोर्तो आणि लिस्बनमध्ये. तोवर उशीर झाला होता. तो उठाव रक्तात बुडवला गेला.

सेनाधिकाऱ्यांना सत्ता घेता आली, पण खजिना सांभाळता येईना. राष्ट्रसंघाकडून कर्ज मागितलं, तर परक्या देखरेखीची अट पुढे आली. तेव्हा त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावलं. सालाझार खेड्यातल्या साध्या घरातला, पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत शिकलेला, अविवाहित, मितभाषी. एप्रिल १९२८ मध्ये अर्थमंत्रिपद घेताना त्याने अट घातली की प्रत्येक खात्याच्या खर्चावर अखेरचा शब्द आपला राहील. कर वाढवून आणि खर्च छाटून त्याने वर्षभरात अंदाजपत्रकात शिल्लक दाखवली. वर्तमानपत्रं सेन्सॉरखाली होती. या शिलकीची किंमत कोण मोजतंय, हे छापायची सोय नव्हती.

५ जुलै १९३२ रोजी तो पंतप्रधान झाला. १९ मार्च १९३३ रोजी नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं आणि त्यात गैरहजर राहिलेल्यांची मतं होकारात मोजली गेली. या घटनेने उभ्या केलेल्या व्यवस्थेचं नाव ‘एश्तादो नोव्हो’, म्हणजे नवं राज्य. लष्कर, चर्च, बँकवाले, मोठे जमीनदार, भेदरलेला मध्यमवर्ग अशा प्रत्येकाने आपापल्या सोयीसाठी एकेक अधिकार या माणसाच्या ओंजळीत टाकला. परत मागायची वेळ आली तेव्हा मागायला जागाच उरली नव्हती.

फॅसिस्ट म्हणावं की नाही

या प्रश्नावर अभ्यासकांत दीर्घ वाद आहे. रॉबर्ट पॅक्स्टन आणि स्टॅन्ली पेन यांच्यासारखे इतिहासकार सालाझारला फॅसिस्टांच्या रांगेत बसवत नाहीत. त्यांचे मुद्दे वजनदार आहेत. सालाझारने जनतेला चेतवलं नाही, तिला झोपवलं. त्याला सभांचा कंटाळा होता, पक्ष ही त्याच्या लेखी शोभेची वस्तू होती. खरेखुरे फॅसिस्ट म्हणावेत असे रोलांव प्रेतो याचे निळे डगलेवाले त्याने १९३४ मध्ये स्वतःच मोडून काढले. उलट बाजूला मानुएल द लुसेना यांनी या राजवटीला फॅसिस्ट चळवळीविना फॅसिझम म्हटलं आणि फर्नांदो रोझश यांच्यासारखे पोर्तुगीज इतिहासकार तिला निःसंकोच फॅसिस्ट ठरवतात.

पुरावा पाहिला तर मला दुसरी बाजू पटते. १९३३ चा कामगार कायदा मुसोलिनीच्या १९२७ च्या कामगार सनदेवर बेतलेला होता. त्याने स्वतंत्र कामगार संघटना मोडल्या, संपाला बंदी घातली आणि मालक-मजुरांना सरकारी साच्याच्या मंडळांत कोंबलं. जानेवारी १९३४ मध्ये काचकामगारांच्या मारिन्या ग्रांद गावाने याविरुद्ध उठाव केला, तो चिरडला गेला. १९३६ मध्ये शाळकरी पोरांसाठी गणवेशधारी युवक संघटना आणि मोठ्यांसाठी ‘पोर्तुगीज लिजन’ निघाली. दोन्हींत हात पुढे करून सलाम होता. स्पेनच्या यादवीत सालाझारने फ्रँकोला सर्व प्रकारची मदत केली. १९४५ मध्ये हिटलरच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा पोर्तुगालच्या सरकारी इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर उतरवण्यात आले. महायुद्धाचं पारडं फिरल्यावर सलाम आणि गणवेश मागे पडले, पण पोलीस, सेन्सॉर आणि एकच पक्ष हे तिन्ही शाबूत राहिले.

टिकण्याची यंत्रणा

पहिला खांब गुप्त पोलिसांचा. १९३३ मध्ये स्थापलेल्या या दलाला १९४५ पासून ‘पीडे’ हे नाव मिळालं. त्याची माणसं गल्लीबोळांत, विद्यापीठांत, कारखान्यांत पसरलेली होती. दिवसचे दिवस झोपू न देणं आणि कैद्याला पुतळ्यासारखं उभं ठेवणं ही पीडेची नेहमीची तंत्रं होती. लिस्बनमधलं अल्जूब, शहराबाहेरचं काशियश, समुद्राकाठचा पेनिशचा किल्ला हे तिचे तुरुंग. १९३६ मध्ये केप व्हर्दीतल्या ताराफाल इथे छळछावणी उघडली; पहिल्या टप्प्यात तीसहून अधिक राजकीय कैदी तिथे मेले. कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस बेंतो गोन्साल्विश १९४२ मध्ये तिथेच गेला.

दुसरा खांब सेन्सॉरचा. तो निळी पेन्सिल वापरी आणि पोर्तुगीज माणूस आजही सेन्सॉरला त्याच नावाने ओळखतो. तिसरा खांब चर्चचा. कार्डिनल सेरेजेइरा हा सालाझारचा कोइंब्रातला जुना स्नेही. देव, देश आणि कुटुंब या त्रिसूत्रीत बाईची जागा घरात ठरलेली होती. नवऱ्याच्या परवानगीशिवाय विवाहितेला परदेशी जाता येत नसे. चौथा खांब अज्ञानाचा. १९३० च्या सुमारास निम्म्याहून कितीतरी अधिक लोक निरक्षर होते आणि १९७० मध्येही साधारण चारांतल्या एकाला वाचता येत नव्हतं. युरोपातल्या दुसऱ्या कोणत्याही देशात न खपणारी ही गोष्ट इथे धोरण म्हणून खपून गेली.

पाचवा खांब परदेशी मित्रांचा. युद्धकाळात दोन्ही बाजूंना टंगस्टन विकणाऱ्या सालाझारने १९४३ मध्ये अझोर्स बेटांवरचे तळ इंग्रजांना दिले आणि १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य झाला. लोकशाहीच्या रक्षणासाठी निघालेल्या संघटनेत हुकूमशहाला पहिल्या दिवसापासून खुर्ची मिळाली. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबत काढलेल्या निवेदनात पूर्वेकडच्या वसाहतींना ‘प्रांत’ म्हटलं, तेव्हा भारतात संतापाची लाट उठली होती.

पाया वसाहतींचा

पंतप्रधान होण्याच्या दोन वर्षं आधी, १९३० मध्ये, काही काळ वसाहत खातं सांभाळताना सालाझारने ‘वसाहत कायदा’ आणला. समुद्रापारचे प्रदेश ताब्यात ठेवणं, तिथे वसाहत करणं आणि तिथल्या लोकांना ‘सुधारणं’ हा पोर्तुगीज राष्ट्राचा अंगभूत धर्म आहे, असं त्यात नमूद होतं. घटना १९३३ ची, हा कायदा तिच्याही आधीचा. देशांतर्गत हुकूमशाहीचा साचा वसाहतीत आधी ओतला गेला, असं म्हणायला हा क्रम वाव देतो.

गोव्यात त्याचा अर्थ लगेच कळला. १९१० च्या प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचं स्थान दिलं होतं, वर्तमानपत्रांना मोकळीक दिली होती. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं ‘भारत’ त्याच वाऱ्यात १९१२ मध्ये निघालं. नव्या राजवटीने ती मोकळीक काढून घेतली. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० मध्ये गोव्याच्या विधिमंडळात ठराव मांडून गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क ठणकावला. हळूहळू सभा, संस्था, छापील मजकूर सगळं परवानगीखाली आलं. लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागे, हे त्या पिढीच्या आठवणींत वारंवार येतं.

आफ्रिकेत तर कायद्यानेच माणसांच्या दोन जाती केल्या होत्या. अंगोला, मोझांबिक आणि गिनीतल्या बहुसंख्य लोकांना ‘देशी’ ठरवून नागरिकत्व नाकारलं होतं. त्यांच्याकडून सक्तीची मजुरी घेतली जाई. शेतकऱ्यांना कापूस लावायला भाग पाडून तो ठरवलेल्या कंपनीला ठरवलेल्या भावात विकायला लावलं जाई. लिस्बनच्या आणि पोर्तोच्या गिरण्या त्या स्वस्त कापसावर चालत. सालाझारच्या बहुचर्चित शिलकीला हाही एक आधार होता.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची हाक दिली. त्यानंतर गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे नेते टी. बी. कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभं करून आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे हेही तिकडेच गेले. याच किल्ल्यातून ३ जानेवारी १९६० रोजी पोर्तुगीज कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल आणि त्यांचे साथी निसटले. गोमंतकीय आणि पोर्तुगीज देशभक्तांना एकाच भिंतीआड ठेवणाऱ्या राजवटीला आपले शत्रू एकच आहेत हे पक्कं कळलेलं होतं.

१९५१ मध्ये सालाझारने वसाहतींचं नाव बदलून ‘सागरपारचे प्रांत’ केलं. प्रांत आहेत, तेव्हा सोडण्याचा प्रश्नच नाही असा त्यामागचा डाव. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली त्याच्या हातून गेली. १९५५ च्या सत्याग्रहांत नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये यांना मारहाण आणि लांबलचक शिक्षा झाल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीसह सीमेवर ठिकठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक जण मारले गेले. त्या वर्षी पकडलेल्या मुक्तिसैनिक मोहन रानड्यांना २६ वर्षांची शिक्षा देऊन पुढे लिस्बनजवळच्या तुरुंगात नेलं. गोवा मुक्त झाल्यावरही त्यांना सोडलं नाही. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी मोहीम चालवली, आणि ते बाहेर आले जानेवारी १९६९ मध्ये.

१९६१ : तडा गेलेलं वर्ष

१९५८ मध्ये वायुदलाचा जनरल उंबेर्तो देल्गादो राष्ट्राध्यक्षपदासाठी विरोधकांचा उमेदवार झाला. निवडून आलात तर सालाझारचं काय, या प्रश्नावर त्याने बडतर्फ करीन असं पत्रकारांना सांगितलं. गावोगाव रस्ते माणसांनी फुलले. मतमोजणीत त्याला हरवलं गेलं आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द करण्यात आली. १९६५ मध्ये पीडेने त्याला स्पेनच्या सीमेजवळ फसवून बोलावलं आणि त्याचा व त्याच्या सचिव बाईंचा खून केला.

देल्गादोने लोकांची भीती थोडी सैल केली. राजवटीला तडा मात्र १९६१ ने दिला. जानेवारीत अंगोलाच्या कसांजे भागात कापूस लावायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावांवर विमानांतून बॉम्ब टाकले गेले. ४ फेब्रुवारीला लुआंडात तुरुंगावर हल्ला झाला, मार्चमध्ये उत्तर अंगोला पेटला. एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनीश याने सालाझारला हटवण्याचा बेत केला, तो फसला. त्याच महिन्यात कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची संयुक्त परिषद भरली. आफ्रिकी पुढाऱ्यांसोबत तिथे गोमंतकीयही होते. त्यांतले आकिनो द ब्रागांझा पुढे मोझांबिकच्या समोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार झाले.

डिसेंबरात भारतीय सैन्य सीमेवर येताच सालाझारने १४ तारखेला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याला संदेश पाठवला. शरणागती नको, आपले सैनिक एकतर विजयी असतील किंवा मेलेले, असा त्याचा आशय होता. हा हुकूम माणसं वाचवण्यासाठी नव्हता. जगापुढे दाखवायला त्याला हुतात्मे हवे होते. वासालो इ सिल्वाने विनाश टाळला आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शरणागती दिली. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक कैद झाले. त्यांना परत न्यायला सालाझारने १९६२ चा मे उजाडू दिला आणि परतल्यावर त्यांना गुन्हेगारासारखं वागवलं. वासालो इ सिल्वाला सैन्यातून काढून टाकलं. आपला पंतप्रधान आपल्याला मरायला सांगतो आणि जगलो तर कलंकित ठरवतो, हा धडा पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या मनात खोल उतरला. बारा वर्षांनी त्याला फळ आलं.

युद्ध आणि कॅप्टन

अंगोलापाठोपाठ १९६३ मध्ये गिनीत आणि १९६४ मध्ये मोझांबिकात युद्ध भडकलं. जेमतेम नव्वद लाख वस्तीच्या देशाने तीन आघाड्यांवर मिळून तेरा वर्षं युद्ध लढवलं. राज्याच्या खर्चाचा सुमारे ४० टक्के वाटा लष्कराकडे जाऊ लागला. आठ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मेले. आफ्रिकी मृतांची संख्या त्याच्या कित्येक पट. १९७२ च्या डिसेंबरात मोझांबिकमधल्या विरियामूत शेकडो गावकऱ्यांची कत्तल झाली. सक्तीची भरती आणि गरिबी टाळण्यासाठी तरुण डोंगर ओलांडून फ्रान्सकडे पळू लागले. १९६० नंतरच्या पंधरा वर्षांत दहा लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला.

ऑगस्ट १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, मेंदूला इजा झाली. सप्टेंबरात मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाला. आपण अजून सत्तेवर आहोत अशा समजुतीत सालाझारला ठेवण्यात आलं. २७ जुलै १९७० रोजी तो वारला. कायतानोने पीडेचं नाव बदललं, पक्षाचं नाव बदललं, काही निर्वासितांना परत येऊ दिलं. युद्धाला मात्र त्याने हात लावला नाही, आणि युद्ध थांबवल्याशिवाय दुसरं काही सुधारणं शक्य नव्हतं.

गिनीत स्वातंत्र्यलढ्याचा नेता आमिल्कार काब्राल याच्या पक्षाने पोर्तुगीज सैन्याला जेरीस आणलं. जानेवारी १९७३ मध्ये काब्रालचा खून झाला, तरी सप्टेंबरात त्याच्या पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच महिन्यात पोर्तुगालमध्ये तरुण कॅप्टन गुपचूप एकत्र येऊ लागले. पहिलं कारण बढतीचं होतं. सक्तीच्या भरतीतून आलेल्यांना सेवाज्येष्ठता देणाऱ्या फर्मानाने ते चिडले होते. पण चर्चा लगेच मूळ प्रश्नावर आली. हे युद्ध जिंकता येणार नाही, सरकार ते संपवणार नाही, आणि पराभव झाला की गोव्यासारखं खापर आपल्यावरच फुटेल, हे त्यांना दिसत होतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये जनरल स्पीनोलाने पुस्तक लिहून युद्धाला लष्करी तोडगा नाही असं उघड म्हटलं.

२५ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी रेडिओवर जोझे आफोन्सोचं ‘ग्रांदोला’ लागलं. ती निघण्याची खूण होती. कॅप्टन साल्गेइरो माया सांतारेंहून चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये शिरला. घरात थांबा असं रेडिओ सांगत असताना लोक रस्त्यावर आले, त्यांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली. संध्याकाळी कायतानोने कार्मो बराकीत सत्ता सोडली. त्या दिवशी गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयातून गर्दीवर गोळ्या झाडून चौघांचा बळी घेतला. दोन दिवसांत काशियश आणि पेनिशचे दरवाजे उघडले.

उरलेला हिशेब

बरोबर वर्षाने, २५ एप्रिल १९७५ रोजी, घटना समितीच्या निवडणुकीत ९१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केलं. आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या. अंगोला आणि मोझांबिक पुढे दीर्घ यादवीत होरपळले, पूर्व तिमोर इंडोनेशियाने गिळला; सालाझारने बोलणी करायला नकार देऊन जो वेळ वाया घालवला, त्याची किंमत त्या देशांनी भरली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. करारावर सही करणारे मारियो सोआरेश हे पीडेच्या तुरुंगातून आणि हद्दपारीतून गेलेले लोकशाहीवादी. आपल्या बाजूने होते परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण.

पीडेच्या बहुतेक माणसांना किरकोळ शिक्षांवर सोडण्यात आलं. हिशेब पुरता चुकता न झाल्याचे परिणाम दिसतात. २००७ मध्ये दूरचित्रवाणीच्या कौलात सालाझारला सर्वांत थोर पोर्तुगीज म्हणून पहिली पसंती मिळाली. २०२५ च्या निवडणुकीत ‘शेगा’ हा कडवा उजवा पक्ष जागांच्या हिशेबात दुसऱ्या क्रमांकावर गेला. देव, देश आणि कुटुंब ही जुनी घोषणा त्याने एक शब्द जोडून उचलली आहे. गोव्यातही पोर्तुगीज काळात शिस्त होती, चोऱ्या नव्हत्या, माल स्वस्त होता असं म्हणणारे भेटतात.

या आठवणी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. ज्याच्या वाट्याला शांतता आली त्याला ती आठवणारच. पण ती शांतता कोणाच्या जिवावर मिळाली हे सांगणं इतिहास लिहिणाऱ्याचं काम आहे. कसांजेचा कापूस पिकवणारा शेतकरी, ताराफालमधला कैदी, विरियामूचे गावकरी आणि पत्रादेवीला गोळी झेलणारा सत्याग्रही यांना वगळल्याशिवाय सालाझारच्या शिलकीचं कौतुक करता येत नाही. म्हणून गोवा मुक्तीचा इतिहास शिकवताना देल्गादो, काब्राल आणि साल्गेइरो माया ही नावं टी. बी. कुन्हा आणि मोहन रानडे यांच्या शेजारी आली पाहिजेत. गोमंतकीयांनी भारतीय सैन्याच्या बळावर युरोपातल्या एका फॅसिस्ट राजवटीला पहिला मोठा पराभव दिला, आणि आफ्रिकेच्या लोकांनी तो पूर्ण केला. पोर्तुगीज जनतेचं स्वातंत्र्य या दोघांचंही देणं लागतं.